बंदवाला चामडी फुटबॉल, ५ नंबर : एका पावसाळ्याच्या वापरानंतर

मिरगाच्या आठवडाभर आधी हा बॉल घरी आला. किंमत १,८५० रुपये, पाठवणावळ वेगळी १२० रुपये. जालंधरहून वेंगुर्ल्याला पोचायला अकरा दिवस लागले. पार्सल हातात आलं त्याच दिवशी अभिप्राय लिहिता आला असता, पण मुद्दाम थांबलो. चामड्याची वस्तू कशी आहे हे आपल्याकडे जुलैतच कळतं. आता चतुर्थी झाली, बॉल अख्खा पावसाळा खेळून झाला, तेव्हा लिहितो.

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. संध्याकाळी मैदानावर पंधरा-वीस पोरांना फुटबॉल शिकवतो. स्वतः शाळेपासून पस्तिशीपर्यंत डावा बॅक, म्हणजे गोलरक्षकाच्या पुढे डावीकडून अडवणारा, म्हणून खेळलो. हे आधी सांगतो, कारण हा बॉल मी रोजच्या खेळासाठी घेतलाच नव्हता. एका मुलाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला घेतला होता.

मुलगा नववीतला. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीच्या घरातला. पाचवीपासून पहाटे दोर ओढायला जातो, त्यामुळे खांदे, मांड्या वयाच्या मानाने भरलेल्या. पाय डावा. धावायला मात्र इतरांच्या मागे. मी त्याला डाव्या बॅकला उभा केला आणि त्याचं तोंड उतरलं. त्याला पुढे खेळायचं होतं, गोल मारायचे होते. त्याला धीर यावा म्हणून मी जेसी पेनिंग्टनची गोष्ट काढली. वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या एकाच क्लबकडून १९०३ ते १९२२, लीगचे ४५५ सामने. इंग्लंडकडून २५. आपल्या काळातला सगळ्यात नावाजलेला डावा बॅक. आणि या सगळ्या सामन्यांत मिळून त्याचे गोल किती, तर शून्य.

मला वाटलं होतं पोरगा भारावून जाईल. तो म्हणाला, "सर, येकव गोल नाय? मगे तेका टीममदी ठेवल्यानी कित्याक?"

बाकीची पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न रास्त होता. बॅकच्या कामाचा हिशेब कुठल्याच वहीत राहत नाही. जो गोल झालाच नाही तो लिहायचा कुठे? तोंडी समजावलं असतं तर तो मान हलवून गप्प बसला असता. त्यापेक्षा पेनिंग्टन ज्या तऱ्हेचा बॉल मारायचा तो याच्या पायात द्यावा, असं मनात आलं आणि मी हा मागवला.

आता बॉलबद्दल. अठरा पट्ट्या, तीन-तीनचे सहा गट, गाईगुरांच्या जाड चामड्याच्या, रंग गुळाच्या ढेपेसारखा. शिलाई हाताची आणि आतून. एका बाजूला साधारण चार इंचांची चीर, तिच्या दोन्ही कडांना भोकं, आणि त्यातून ओवलेला चामडी बंद. आत रबराचं ब्लॅडर, त्याची नळी बाहेर काढून हवा भरायची. हल्लीच्या बॉलला सुई खुपसली की झालं. याचं तसं नाही. नळीतून हवा भरायची, नळी दुमडून दोऱ्याने करकचून बांधायची, ती चिरेतून आत सारायची, चामड्याची जीभ तिच्यावर नीट बसवायची आणि मग बंद ओवायचा. बंद ओवायला सोबत आकडी दिली आहे, पण ती तकलादू. मी घरातलं गोणपाट शिवायचं दाभण वापरलं.

पहिल्यांदा बंद आवळताना मला चाळीस मिनिटं लागली. एका बाजूने जास्त ओढला की बॉल पेरूसारखा होतो. सैल राहिला की दोन किका बसताच गाठ वर येते. सगळ्या भोकांत सारखाच ताण हवा, आणि शेवटची गाठ आवळून तिचं टोक पट्ट्यांखाली असं दडपायचं की हात फिरवला तर कुठे टोचता कामा नये. मी लहान असताना आमच्या शाळेतला शिपाई हे काम करायचा. तो बंद आवळून झाला की बॉल दोन्ही तळहातांत धरून डोळे मिटून फिरवायचा. तेव्हा आम्हाला ते विचित्र वाटायचं. या वयात तसाच बॉल फिरवून पाहिला, तेव्हा कळलं की उंचवटा डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागतो.

कोरड्या मैदानावर बॉल उत्तम. हे ठासून सांगतो, कारण जुने बॉल म्हणजे दगडच असायचे असा समज सगळीकडे आहे. तसं नव्हतं. पेनिंग्टनच्या काळात नियमाप्रमाणे सामना सुरू होताना बॉलचं वजन १३ ते १५ औंस लागायचं, म्हणजे साधारण ३७० ते ४२५ ग्रॅम. १९३७ साली ते १४ ते १६ औंस झालं आणि आजही जवळपास तेवढंच आहे. माझा बॉल वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर कोरडा ४३६ ग्रॅम भरला, तर पोरांचा रोजचा प्लास्टिक वेष्टनाचा बॉल ४२८. पायाला फरक कळत नाही. उसळी थोडी कमी, आवाज मात्र वेगळा, भरलेल्या पखालीवर थाप मारल्यासारखा.

नियमातले 'सामना सुरू होताना' हे शब्द महत्त्वाचे. पुढचं काम पाऊस करतो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात धो धो पावसात सव्वा तास खेळवून बॉल तसाच वाण्याकडे नेला. ५७० ग्रॅम. त्याच पावसात खेळलेला दुसरा बॉल पुसल्यावर ४३५. म्हणजे एकाने सात ग्रॅम पाणी घेतलं आणि दुसऱ्याने १३४ ग्रॅम. पाणी चामड्यात शिरतं, शिलाईच्या भोकांतून शिरतं, आणि वरून आमच्या जांभ्याच्या लाल चिखलाचा लेप बसतो. इंग्लंडचा फुटबॉल हिवाळ्यात चालतो, पाऊस आणि चिखल त्यांनाही चुकत नाही. पेनिंग्टनला नव्वद मिनिटांतली निम्मी तरी असल्या बॉलला लाथ मारावी लागत असणार.

विक्रेत्याने मेणाची एक डबी दिली आहे, ती दोनदा लावली की संपते. पुढे काय लावावं म्हणून मी खोबरेल लावलं. ते लावू नका. चामडं मऊ पडतं, काळवंडतं आणि पाणी अडतच नाही. शेवटी बायकोने भिरंडेल दिलं. कोकमाच्या बियांचं हे घट्ट तेल आपण थंडीत पायांच्या भेगांना लावतो. हातावर चोळून पातळ करायचं, शिलाईच्या रेषेवर बोटाने दाबून भरायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी फडक्याने पुसून काढायचं. असं तीन रात्री केल्यावर तेवढ्याच पावसात बॉल ४९८ ग्रॅमवर थांबला. ज्यांच्याकडे घरचं भिरंडेल आहे त्यांनी मेणाची डबी वेगळी मागवायची गरज नाही.

पण मला ज्यासाठी बॉल हवा होता ते ५७० ग्रॅमच्या संध्याकाळीच घडलं.

मी त्या दिवशी पोरांना जुन्या मांडणीने उभं केलं होतं : मागे दोन बॅक, मध्ये तीन हाफ, पुढे पाच फॉरवर्ड. ऑफसाइडचा, म्हणजे फॉरवर्डने कितपत पुढे उभं राहायचं याचा, नियमही जुनाच. तेव्हा पास निघतेवेळी फॉरवर्डच्या पुढे समोरच्या संघाचे तीन खेळाडू लागत, १९२५ साली ते दोनवर आणले. तीन म्हणजे गोलरक्षक आणि दोन्ही बॅक. त्यामुळे दोघांतला एक बॅक योग्य क्षणी चार पावलं पुढे सरकला की फॉरवर्ड अडकला, आणि चूक झालीच तर दुसरा मागे असतो. न्यूकॅसलचा आयरिश बॅक बिल मॅक्रॅकन या युक्तीत इतका तयार झाला होता की नियम बदलायला तोच कारण ठरला असं मानतात. म्हणजे त्या काळातला बॅक हा एकटा खेळाडू नसून अर्धी जोडी असायचा. कोण पुढे जाणार, कोण थांबणार, हे दोघांना न बोलता कळायला हवं.

पेनिंग्टनच्या जोडीला इंग्लंडसाठी उजवीकडे असायचा बॉब क्रॉम्प्टन, ब्लॅकबर्न रोव्हर्सचा कप्तान. इंग्लंडमध्ये खेळाडूला पैसे द्यायला परवानगी मिळाली ती जुलै १८८५ मध्ये. तेव्हा क्रॉम्प्टन पाच वर्षांचा आणि पेनिंग्टन दोनही पुरे नसलेला. पगारावर खेळायचं हे मनात धरून वाढलेली ही अगदी पहिल्या काही पिढ्यांतली मुलं. क्रॉम्प्टन शिकला होता नळजोडणीचं काम. वॉटरपोलो उत्तम खेळायचा, आणि पैसे घेऊन फुटबॉल खेळलो तर तिथला हौशी दर्जा जाईल म्हणून व्यावसायिक व्हायला कचरत होता. १८९६ ते १९२० ब्लॅकबर्न सोडून कुठे गेला नाही. इंग्लंडकडून ४१ सामने, आणि हा आकडा १९५२ साली बिली राइटने मोडेपर्यंत टिकला. १९१२ आणि १९१४ ची लीग विजेतेपदं त्याच्या कप्तानीतली. खेळाडू म्हणून एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली बाद पद्धतीची मोठी स्पर्धा, हाताला लागला नाही, तो १९२८ मध्ये व्यवस्थापक म्हणून जिंकला. १९४१ च्या मार्चमध्ये ब्लॅकबर्न आणि बर्नलीचा सामना बघून झाल्यावर हृदयविकाराने गेला. क्रॉम्प्टनवर स्वतंत्र लिहायला हवं, इथे बॉलकडे परत येतो.

पंधरा मिनिटांत चिखल झाला आणि बॉल जड झाला. आमचे चपळ फॉरवर्ड, एरवी मैदानभर नाचणारे, आखूड पास द्यायला लागले की बॉल दोन हातांवर जाऊन डबक्यात बसायचा. उचलून मारायला गेले की बोटं दुखायची. एकजण रडवेला होऊन म्हणाला, "ह्यो बॉल नाय, सुको नारळ आसा." उजवा बॅक जीव खाऊन मारत होता आणि बॉल वीस पावलांवर पडत होता. मग तो डावीकडे आला. रापणीवाल्या मुलाने दोन पावलं मागे घेतली, डावा पाय बॉलच्या बाजूला न नेता सरळ खालून, घोट्यापासून आवळून आणला आणि बॉल मध्यरेषेपलीकडे गेला. एकदा नाही, त्या संध्याकाळी सहा-सात वेळा. असल्या बॉलला लागते ती ताकद मांडीतून आणि कमरेतून येते, आणि ती त्याच्याकडे पहाटे दोर ओढून आलेली आहे. चौथ्या-पाचव्या वेळेपासून पुढचे पाचही फॉरवर्ड त्याच्या पायात बॉल गेला की आपणहून पुढे धावायला लागले. मी काही बोललो नाही. बोलायची गरज नव्हती.

घरी जाताना त्याने विचारलं, "त्यो इंग्लंडचो इतकोच लांब मारी?" मी म्हटलं, किती लांब ते कुणी मोजून ठेवलं नाही, पण पाच फॉरवर्ड त्याच्या जिवावर धावायचे एवढं नक्की. १९१९-२० चं उदाहरण दिलं. महायुद्धाने चार मोसम खाल्ल्यानंतरचा पहिलाच मोसम. पेनिंग्टन छत्तीस वर्षांचा, कप्तान. अल्बियनने लीग जिंकली ६० गुण आणि १०४ गोलांनी, दोन्ही त्या वेळचे विक्रम. १०४ मधला एकही त्याचा नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेफिल्डला स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंड मध्यंतराला २-४ मागे होतं आणि ५-४ ने जिंकलं. तो त्याचा इंग्लंडसाठीचा शेवटचा सामना. हे ऐकताना पोराची पावलं मंदावली होती. १९०४ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला तेव्हा पेनिंग्टन एकवीस वर्षांचाही नव्हता, आणि संघ परत वर येईपर्यंत १९११ उजाडलं, हेही सांगितलं.

या बॉलमुळे पोरांशी आणखी दोन गोष्टी बोलता आल्या. त्यांचा मैदानाशी संबंध आहे म्हणून इथे लिहितो.

पहिली १९१२ च्या एफए कप फायनलची. उपांत्य फेरीत अल्बियनने क्रॉम्प्टनच्याच ब्लॅकबर्नला हरवलेलं. फायनलला समोर बार्न्स्ली, दुसऱ्या श्रेणीचा संघ. २० एप्रिलला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर ०-०. चार दिवसांनी शेफिल्डच्या ब्रॅमल लेनवर पुन्हा सामना, पुन्हा नव्वद मिनिटं गोल नाही, जादा वेळ, आणि तोही संपत आलेला. दोनच मिनिटं उरली होती. बार्न्स्लीचा हॅरी टफनेल बॉल घेऊन सुटला. पेनिंग्टन त्याला पाडू शकला असता. तेव्हा त्याला मैदानाबाहेर काढलं असतं असंही नाही, फार तर फ्री किक. त्याने पाडलं नाही. टफनेलने गोल केला, बार्न्स्ली १-० ने जिंकला. पेनिंग्टनला कप कधीच मिळाला नाही. शंभर वर्षं होऊन गेली तरी त्या क्लबचे लोक ही गोष्ट सांगतात, आणि पाडायला हवं होतं असं म्हणत नाहीत.

ही गोष्ट मी पोरांना सांगितली आणि मग माझी सांगितली. १९८३ साली एका तालुकास्तरीय फायनलमध्ये मी एका मुलाला मागून पाडलं. शेवटची पाच मिनिटं, आम्ही एक गोलने पुढे. तो मला चुकवून गेला होता. मी मुद्दाम पाय घातला, त्याचा घोटा दुमडला. आम्ही जिंकलो, ढाल आजही कुठल्यातरी कपाटात असेल. तो मुलगा दोन मित्रांच्या खांद्यावर हात टाकून मैदानाबाहेर जाताना मी बघत होतो. त्याच्या घरी जावं असं महिनाभर वाटत राहिलं आणि मी गेलो नाही. पोरांना हे पहिल्यांदाच सांगितलं. पावसाने अंधारून आलं होतं, बॉल मध्ये ठेवलेला, सगळे गोल करून उभे. कुणी काही विचारलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

दुसरी गोष्ट पैशांची. १९०१ पासून इंग्लंडमध्ये खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त ४ पौंड देता येत, पुढे जुन्या खेळाडूंना थोडी वाढ मिळाली. तेवढ्यात संसार. १९१३ च्या नोव्हेंबरमध्ये एका माणसाने पेनिंग्टनला गाठलं : एव्हर्टनविरुद्ध अल्बियनने जिंकायचं नाही, त्याबद्दल ५५ पौंड, म्हणजे अकरा जणांना प्रत्येकी ५. आठवड्याच्या पगाराएवढे किंवा जास्तच. पेनिंग्टनने वरवर ऐकून घेतलं आणि क्लबला, पोलिसांना कळवलं. सामना खरोखरच १-१ सुटला. तो माणूस पैसे चुकते करायला आला आणि पकडला गेला. पास्को बायोलेट्टी त्याचं नाव, पाच महिन्यांची शिक्षा झाली. यातली मला सगळ्यात जड वाटणारी गोष्ट ही की सामना बरोबरीत सुटला. गप्प राहिला असता तर काहीही वाकडं न करता पैसे खिशात पडले असते. आमच्याकडे गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या सामन्यांवरही आता मोबाइलवरून पैसे लागतात. पोरांना हे सगळं माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त. म्हणून ही गोष्ट मी दर वर्षी सांगणार आहे.

आता एक इशारा, आणि तो अभिप्रायातला सगळ्यात महत्त्वाचा भाग समजा. या बॉलने पोरांना हेडर मारू देऊ नका. कोरडा असतानाही नको, भिजल्यावर तर अजिबात नको. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, डोक्याला बॉल लावेल तो त्या दिवशी बाहेर. लहानपणी आम्ही असल्याच बॉलला डोकं लावायचो, बंद कपाळावर बसला की वळ उठायचा, आणि तो वळ दाखवत फिरण्यात मोठेपणा वाटायचा. पेनिंग्टनच्याच क्लबचा जेफ अॅस्टल, १९६८ च्या कप फायनलमध्ये विजयी गोल मारणारा, २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला. डोक्याने बॉल मारून मारून मेंदूला इजा झाली, हा धंद्यातून आलेला आजार आहे, असा निर्णय तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने दिला. ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मेंदूच्या ऱ्हासाच्या आजाराने मरण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीनपट निघालं. २०२१ मध्ये त्यांनी जागेप्रमाणे आकडे दिले. गोलरक्षकांना धोका विशेष वाढलेला नाही. सगळ्यात जास्त कुणाला, तर बचावपटूंना, जवळपास पाचपट. २०२० पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडर शिकवत नाहीत. आमच्या जागेवरच्या माणसांनी काय काय अडवलं याचा हिशेब जसा कुणी ठेवला नाही, तसाच याचाही कितीतरी वर्षं ठेवला नाही. मी बॅक तयार करतो, तेव्हा ही जबाबदारी माझी आहे असं मी धरतो.

तक्रारी दोन आहेत. ब्लॅडर नवव्या दिवशी नळीच्या बुडाशी फुटलं. विक्रेत्याला तीनदा लिहिलं, फोटो पाठवले, तेव्हा उत्तर आलं की हमी चामड्याची आहे, ब्लॅडरची नाही. हे आधी लिहायला हवं होतं. कुडाळहून ९० रुपयांचं दुसरं आणलं, ते आजतागायत टिकून आहे. दुसरं, ऑगस्टमध्ये चिरेच्या टोकाशी चार टाके उसवले. सावंतवाडीच्या एका चांभारदादांनी मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवून दिले, ६० रुपये घेतले, आणि बॉल हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिला. म्हणाले, कारखान्याने दोरा बारीक वापरला आहे, बाकी चामडं चांगलं आहे, वर्षभर टिकेल. मलाही तसंच वाटतं. आकार थोडा लांबट झालाय, पण खेळताना जाणवत नाही.

बुरशी मात्र तुम्हाला स्वतः सांभाळावी लागेल. खेळून झालं की चिखल गोड्या पाण्याने धुवा, बंद सोडा, ब्लॅडर बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पडवीत वाऱ्यावर टांगा. मी एकदा कंटाळा केला, दोन दिवस तसाच खुंटीला राहिला, तर पांढरी साय धरली. चुलीच्या उबेला ठेवायचा मोह होतो, पण चामडं तडकतं. समुद्रावर नेऊ नका. एकदा पोरांनी सागरेश्वरच्या वाळूत खेळवला, खाऱ्या पाण्याने शिलाईचा दोरा ताठ होऊन चरचरायला लागला. टाके उसवले ते त्यानंतरच. जांभ्याच्या कोरड्या मैदानावरही रोज नको, खडे चामडं सोलतात.

रोजच्या सरावाला साधा प्लास्टिक वेष्टनाचा बॉल निम्म्या पैशांत येतो, तोच घ्या. हा घ्यावा तो शाळेने, क्लबने किंवा जो पोरांना बॅक म्हणून तयार करतो त्याने, एकच. महिन्यातून दोनदा, पावसात, दोन बॅक आणि तीनचा ऑफसाइड लावून खेळवावा. मागवताना ब्लॅडरची हमी लेखी मागा, जादा बंद दोन मागा, आणि एप्रिलमध्येच मागवा म्हणजे मिरगाआधी भिरंडेलाचे तीन हात देता येतील.

आमचा बॉल सध्या त्या मुलाच्या घरी असतो. त्याने स्वतःच मागून नेला. आमच्या घरचं भिरंडेल संपलं, आता त्याची आजी देते. परवा बंद बदलला तो त्यानेच, दाभणाने, आणि गाठ हाताला लागली नाही.